कसब्यातली चारशे अकरा घरं

लग्नकार्यात कुणीतरी मला हमखास कोपऱ्यात गाठतं. "तुम्ही शेअरमध्ये होतात ना? सांगा ना, काय घेऊ?" मी म्हणते, "फिक्स्ड डिपॉझिट करा." माणूस हसतो, मी विनोद केला असं समजून जिलबी घ्यायला जातो. मी विनोद केलेला नसतो. मला खरोखर त्या विषयाचा कंटाळा आलाय. कुठल्या कंपनीचा शेअर घ्यावा आणि कुठल्याचा नाही, हे लोकांना छापून सांगण्याचं काम मी सात वर्षं केलं. त्यातल्या एका रिपोर्टाची किंमत माझ्या आईने मोजली. तिने तो कधी वाचलाही नाही.

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एका शेअर ब्रोकरचं ऑफिस होतं, तिथे मी एम.कॉम. झाल्या झाल्या लागले. आमच्या घरातली, खरं तर आमच्या आळीतलीच, एवढं शिकलेली मी पहिली. बाबा पोस्टमन. त्यांच्या वडिलांना सही येत नव्हती, आणि बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. छापलेल्या कागदावर त्यांचा विश्वास काय असेल, ते सांगायला नको. माझी ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी ती तीनदा वाचली, मग विहारात नेऊन सगळ्यांना दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आवडलंही.

शतक संपायला आलेलं. गल्लीबोळात कॉम्प्युटरचे क्लास निघालेले, आणि बाजारात केबलच्या कंपन्यांचं वेड. गंमत अशी, की यातल्या एकीलाही नफा नव्हता. मग नफा नसलेल्या कंपनीची किंमत काढायची कशी? तर घरं मोजायची. कंपनीचं केबल किती घरांत जातं, गुणिले दर घरामागे अमुक रुपये, झाली किंमत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साहेबांना विचारलं, "पण साहेब, नफा?" साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "नफा काय, येईल सावकाश. तुम्ही आधी घरं बघा. कॉलेजात शिकलात ते कॉलेजातच ठेवून या."

आता घरं मोजणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. मोठी कंपनी सिग्नल द्यायची. गल्लीतला केबलवाला तो गच्चीगच्चीवरून वायर ओढून घरोघर पोचवायचा, दर महिन्याला पैसे गोळा करायचा, आणि घरटी ठरलेला वाटा कंपनीला द्यायचा. घरं किती, हे सांगणार कोण? तोच. म्हणजे जितकी कमी सांगेल तितकं त्याच्या खिशात. तो कमीच सांगायचा. आणि कंपनी शेअरवाल्यांना सांगायची ती भलतीच जास्त. या दोन आकड्यांच्या मधे खरं काय, ते शोधून या, असं साहेब म्हणाले. नमुन्याला त्यांनी कसबा पेठ दिली, कारण ऑफिसातून चालत जाता येतं आणि रिक्षाचं बिल होत नाही.

कसबा ही बाबांची बीट. तीस वर्षं त्यांनी तिथे टपाल वाटलेलं, आणि नुकतेच रिटायर होऊन घरात बसून आईला वैताग देत होते. मी कागद पसरून डोकं धरून बसलेली बघून म्हणाले, "कसली डोकेफोड चाललीय?"

मी सांगितलं.

"हात्तिच्या! मग चल की."

तीन संध्याकाळी आम्ही हिंडलो. मी वर बघून वायरी मोजत होते. वायरींचा नुसता गुंता, एकीला दोन फाटे, दुसरी कुठेच न जाणारी. बाबा वर बघतच नव्हते. ते हात मागे बांधून, टपाल वाटायच्या क्रमाने दारोदार चालत होते आणि कान देत होते. संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागायची, फक्त केबलवर. सरकारी चॅनेलवर ती नव्हती. तिचं गाणं ज्या घरातून ऐकू येईल, त्या घरात केबल. "हे आहे," बाबा म्हणायचे. "हे आहे. हे नाही, हे बातम्या ऐकतायत. इथली म्हातारी ठार बहिरी, आवाज बंद करूनच बघते, खिडकीत उजेड बघ कसा हलतोय. लिही." मी वहीत लिहीत होते. ओट्यावर बसलेला एक तांबट म्हणाला, "काय पोस्टमन, आता टीव्हीचं पण टपाल वाटता का?" बाबा इतके खूश मी क्वचित पाहिले. पोरीच्या ऑफिसचं काम करत होते ना!

चारशे अकरा घरं निघाली. केबलवाला कंपनीला सांगत होता ऐंशी.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्या केबलवाल्याकडे गेले. भांड्यांच्या जुन्या कारखान्याच्या माळ्यावर त्याची मशिनं होती. बाबांना खाली ओळखीचं कुणी भेटलं म्हणून ते थांबले, मी एकटीच लाकडी जिना चढले. माणूस सरळ होता. आकडा ऐकून त्याने नाही म्हटलं नाही, चहा मागवला.

"मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण खरा आकडा हवाय कुणाला? मला नको. कर घेणाऱ्यांना नको, त्यांचं माझ्याशी बरं चाललंय. कंपनीलाही नको. तिनं मला दाबलं तर उद्या मी दुसऱ्या कंपनीची वायर घेईन, मग ती शेअरवाल्यांना काय दाखवेल? ते टीव्हीवर डबा बसवणार म्हणतात ना, घरं मोजणारा? दहा वर्षं येत नाही तो. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. शब्द न् शब्द.

त्या डब्यावरच तर सगळा डोलारा होता. सरकार कायदा करणार, प्रत्येक टीव्हीवर डबा बसणार, डब्याशिवाय चित्र दिसणार नाही, आणि मग केबलवाल्याला घरं लपवता येणार नाहीत. ऐंशीची चारशे होतील, कंपनीचं उत्पन्न पाचपट. शेअर घ्यायचा तो यासाठी. मी रिपोर्टात हे लिहिलं, आणि खाली केबलवाल्याचं म्हणणंही लिहिलं, की हा डबा कुणालाच नकोय, तेव्हा तो लवकर येईल असं धरू नये.

साहेबांनी तेवढा परिच्छेद लाल पेनाने उभा कापला.

"बाई, हा रिपोर्ट आहे. केबलवाल्याची गाऱ्हाणी कशाला यात?"

"साहेब, पण खरा मुद्दा हाच आहे."

"मुद्दा छान आहे. घरी डायरीत लिहा." आणि 'डबा येईल' याच्या पुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातलं, 'दोन वर्षांत'.

मला भांडता आलं असतं. मी भांडले नाही. नोकरीत कायम व्हायचे दिवस होते, रिपोर्टावर पहिल्यांदाच माझं नाव छापून यायचं होतं. ते नाव मला हवं होतं. आता कितीही कारणं दिली तरी एवढंच खरं आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

रिपोर्ट छापून आला. बाबांनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि पट्टी धरून एकेक ओळ वाचत, अडलेल्या इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारत चार दिवसांत संपवला. पंधरा दिवसांनी मी जेवत असताना म्हणाले, "घेतले."

"काय घेतलं?"

"तुझ्या कंपनीचे. फंडातले निम्मे घातले."

माझा घास हातातच राहिला. तो पैसा आईच्या घराचा होता. आम्ही मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, चौतीस पायऱ्या, आणि आईचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. लोणी काळभोरला मामाने एक जागा बघून ठेवली होती. दोन खोल्या, पुढे अंगण, पायरी फक्त एक. आईने त्या अंगणात काय काय लावायचं तेही ठरवलेलं होतं.

"बाबा, मला विचारायचं तरी!"

"तू लिहिलंयस की सगळं. अजून काय विचारायचं?" मग समजावत म्हणाले, "अगं, आपण स्वतः मोजलंय. चारशे अकरा घरं. खोटं किती दिवस टिकतं? एक ना एक दिवस खरं बाहेर येणारच."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं, की बाबा, तो माणूस असं असं म्हणाला, आणि मी ते गाळलंय. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ना, ती मला घालवायची नव्हती. मी म्हटलं, "थोडे दिवस बघा, मग विका."

वर्ष सरायच्या आत शेअर तिप्पट झाला. कशामुळे, कुणास ठाऊक. तेव्हा सगळंच वाढत होतं. बाबांनी पेढे वाटले. आई म्हणाली, "अहो, आता पुरे. विका, आणि लोणीचं बघा." बाबा म्हणाले, "अजून डबा कुठे आलाय? खरं तर पुढेच आहे." आईने माझ्याकडे पाहिलं. मी पानातल्या कोशिंबिरीकडे पाहत बसले.

मग तो पडला. सगळेच पडले, पण हा पडला तो उठलाच नाही. तिसऱ्या महिन्यात घेतल्याच्या निम्म्यावर, वर्षाने दहाव्या हिश्श्यावर. बाबांनी विकला नाही. डब्याचा कायदा आला म्हणून पेपरात छापून आलं की ते मला वाचून दाखवायचे. मग तो पुढे ढकलला म्हणून यायचं, ते गुपचूप घडी घालून ठेवायचे. पुन्हा आला, पुन्हा ढकलला. असं किती वेळा, ते मोजायचंही मी सोडून दिलं. साहेबांनी केबलला कधीच सोडचिठ्ठी दिली होती, आता ते सॉफ्टवेअरवाल्यांचे रिपोर्ट काढत होते. मीही कंटाळून हिंजवडीला एका आयटी कंपनीत लागले. सकाळी बसमध्ये झोपायचं, संध्याकाळी बसमध्ये झोपायचं. तिथे मला कुणी, काय घेऊ, असं विचारत नव्हतं.

लोणीची जागा मामाने शेवटी दुसऱ्याला दिली. तो तरी किती वर्षं थांबणार? आई हळूहळू खाली उतरायची बंद झाली. आधी मंडईत जाणं सुटलं, मग विहारात जाणं, मग खालच्या नळावरच्या गप्पा. नंतर नंतर तर दवाखान्यात न्यायचं म्हटलं की खुर्चीत बसवून दोघांनी धरून उतरवायचं. गॅलरीत बसून ती खालच्या बायकांशी ओरडून बोलायची. एकदा म्हणाली, "आता वरूनच सगळ्यांचे भांग दिसतात बघ. तोंडं विसरायला झालं." ती हसत होती. मी आत जाऊन भांडी आदळली.

आणि एक दिवस डबा आला. हो, आला! दोन वर्षांत म्हटला होता, त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. केबल कंपनीचा माणूस बॅग घेऊन दारात उभा, चाळिशीचा, पायऱ्या चढून दमलेला. बाबांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, फॉर्मवर जपून सही केली आणि विचारलं, "कसब्यात लागले का हो डबे?"

"तो भाग माझ्याकडेच होता. झाला मागच्याच महिन्यात."

"किती लागले?" बाबांनी गल्ल्या सांगितल्या, टपालाच्या क्रमाने.

त्याने यादी काढून बघितली. "चारशे तीस आहेत."

बाबा उठले, कपाटातून ती वही काढून आणली. "चारशे अकरा! तेव्हाचे. बघ, मी सांगत होतो की नाही? खरं बाहेर येतंच." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. शेअर तेव्हा चहाच्या कपाच्या किमतीला होता. आई खुर्चीतून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

माणूस गेला आणि मला आवरेना. बारा वर्षं दडवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. केबलवाल्याचं बोलणं, साहेबांचं लाल पेन, माझं गप्प बसणं. "मला तेव्हाच माहीत होतं, बाबा. डबा लवकर येणार नाही हे मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही."

बाबांनी वही मिटली. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी ऐकलं होतं की ते," ते म्हणाले.

"काय?"

"त्याचं बोलणं. तुझ्या मागोमाग आलो होतो मी, जिन्यातच उभा होतो. दहा वर्षं येत नाही, म्हणाला तो. चांगलं स्वच्छ ऐकलं."

"मग तरी घेतलेत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, मी काहीतरी विचित्र विचारावं तसे.

"तुझ्या रिपोर्टात ते नव्हतं ना. म्हटलं, पोरीनं तपासलं असेल, आणि तो खोटं बोलत होता असं निघालं असेल. नाहीतर तू लिहिल्याशिवाय राहिली असतीस का?"

आईने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "झालं ना लावून? मग लावा की काहीतरी, नुसतंच बसलेत."

मी रिमोट उचलला. त्याच्यावर बटणं पुष्कळ होती, आणि मला एकही नीट दिसत नव्हतं.