दुर्मिळ फुलाचा सत्कार

आष्टीच्या पुढे आमच्या गावाला लागून एक बोडकी टेकडी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिच्यावर रोज फिरायला जाते. गेल्या श्रावणात तिथे खडकाच्या कपारीत एक अनोळखी फूल दिसलं. लांब नळीसारखं, बुडाशी फुगीर, टोकाला जांभळट. सगळी टेकडी धुंडाळली, पण त्याचं दुसरं रोप नव्हतं.

फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि गावात किती वनस्पतिशास्त्रज्ञ राहतात ते कळलं. कुणी ब्रह्मकमळ म्हटलं, कुणी शुगरवरचं रामबाण औषध. आमच्याकडे ओळख न पटलेली प्रत्येक वनस्पती शुगरवर चालते. फोनमधल्या ॲपने तर वांगं ठरवून टाकलं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण तेवढी सावध. ती म्हणाली, "दुर्मिळ दिसतंय. पण शेंग धरल्याशिवाय नाव नाही सांगता येणार. तोवर हात लावू नकोस."

झालं. मी शेंगेची वाट बघू लागले. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून रोपाभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. त्या फुलाचं नाव मला कळायलाच हवं होतं. इतकी ओढ मला बऱ्याच वर्षांत कशाची लागली नव्हती.

'दुर्मिळ' हा शब्द मात्र सरपंचांच्या कानावर गेला. दुर्मिळ गोष्टीचं आमच्याकडे एकच करतात, सत्कार. फुलाला शाल पांघरता येईना, म्हणून ती मला पांघरायचं ठरलं. बॅनरवर तालुक्यातले झाडून सगळे नेते हात जोडून उभे होते. फुलाच्या फोटोला जागा उरली नव्हती.

भाषणं झाली. हे फूल आपल्याच कार्यकाळात उगवल्याचं सरपंचांनी नम्रपणे सांगितलं. शाल झाली, नारळ झाला, मग हातात पुष्पगुच्छ आला. गुलाब, जर्बेरा आणि मधोमध माझं फूल.

सरपंच कानाशी वाकले. "मॅडम, तुमच्यासाठी मुद्दाम डोंगरावरून आणायला लावलं. कुणीतरी काट्या लावल्या व्हत्या, लई तरास झाला. सुकू न्हाई म्हणून मुळासकट उपटलंय."

मला रडू आलं. लोकांना वाटलं, मॅडम भारावल्या. टाळ्या वाढल्या, आणि फोटोवाला म्हणाला, "मॅडम, फूल जरा वर धरा."