सोलरच्या प्लेटांवरच्या कुरडया

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे विहिरीच्या पंपाची एक जळालेली मोटार उघडून पडली होती. महिना उलटलाय, आता खरं लिहायला हरकत नाही... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता लोक पुन्हा माझ्याच दुकानात येतील. रडू नंतर आलं.

आम्ही दोघं अकोल्यात एकाच उस्तादाकडे मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळायला, शिकलो. उस्ताद म्हणायचे, वासुदेवचा हात सोन्याचा आहे. सलीमला ते असं कधी म्हणाले नाहीत, आणि हे मी जन्मभर पुरवून पुरवून खाल्लं. पुढे शेंदूरजनाघाटला दोघांनी समोरासमोर दुकानं टाकली. सालं वाईट होती. कापसानं दगा दिलेला, लोकांचा सगळा जीव संत्र्याच्या बागेत आणि विहिरीत अडकलेला, अन् वीज यायची ती अशी मरतुकडी की रोज कुणाची तरी मोटार जळायची. त्यांची मोटार जळली की माझी चूल पेटायची. मग सलीम कुठूनसं सोलर पंपाचं काम शिकून आला. म्हणाला, "ऊन तं आपल्याकडे फुकट पडून राह्यलं, वाश्या. तू बी चाल संग." मी म्हणालो, "या वयात पोरखेळ मले नाही जमत." बागाबागांत प्लेटा बसू लागल्या. दिवसाढवळ्या पाणी सुरू, मोटारी जळणं कमी. जिथे 'या मिस्त्री' म्हणून माझ्यासाठी खाट टाकली जायची, तिथे आता त्याच्यासाठी पडू लागली. माझा जळफळाट झाला. त्याला दुसरा शब्द नाही.

एकदा तो अमरावतीला गेलेला असताना त्याचा एक बागाईतदार माझ्याकडे आला. सोलर पंप भर उन्हात बंद पडला होता. खोटं कशाला सांगू, मी गाणं गुणगुणत गेलो. पाहतो तर प्लेटांवर धोतर अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं वाळत घातलेल्या कुरडया! बागाईतदाराची म्हातारी आई कौतुकानं म्हणाली, "इथं लवकर वायतेत, बाबू." प्लेट झाकली की वीज बंद, हे तिला ठाऊक नव्हतं, तिच्या लेकालाही नव्हतं. मला होतं. धोतर उचललं असतं तर पंप सुरू झाला असता. मी उचललं नाही. "सोलरचं असंच असते," म्हणालो आणि परत आलो. दोन दिवसांत सलीमचं काम कच्चं असल्याचं गावभर झालं.

तिसऱ्या दिवशी तो परतला, बागेत जाऊन आला आणि कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "आजीनं तुह्यासाठी देल्या. म्हणे, त्या मिस्त्रीनं माह्या कुरडयांले हातबी नाही लावला, मोठा भला माणूस हाय."

माझ्याकडे पाहत राहिला... मग हसला आणि दोन चहा सांगितले. पुन्हा कधी विषय नाही. त्यानं शिवी हासडली असती तर मी उलट शिवी देऊन मोकळा झालो असतो. त्याच्या त्या गप्प बसण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

त्याच्या मातीला बागांमधून इतकी माणसं आली की कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथेही मी मनातल्या मनात, आपल्याला किती येतील, याचा अंदाज घेत होतो.

आणि परवा तोच बागाईतदार दुकानात आला. पंप पाणी कमी देतोय म्हणाला. बागेत जाऊन पाहिलं, प्लेटांवर धुळीचा थर होता, मी ओल्या फडक्यानं पुसल्या, धार सुरू झाली. मी विचारलं, "त्या वक्ती मी काही केलं नाही, तरी आज मलेच काहून बोलावलं?"

"सलीमभाईनं सांगून ठेवलं होतं ना. तवाबी त्यायनंच सांगतलं होतं, आताबी. मी नसलो तं वासुदेवले बोलवा, त्याचा हात सोन्याचा हाय."

दुकानात येऊन ड्रॉवर उघडला. पुडी अजून तिथेच आहे. इतक्या वर्षांत त्यातली एकही कुरडई मी तळलेली नाही.