पहिल्या सालाची हळद

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. आता त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते.

धाकट्या भावानं शिक्षण सोडलं, शिरड शहापूरला वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि हळद वाफेवर शिजवायचा मोठा, चाकांवरचा कुकर स्वतः बनवला. आमच्याकडं असे कुकर बाहेरच्या जिल्ह्यांतून भाड्यानं यायचे. याच्या कुकरच्या झाकणातून वाफ निसटायची. खालची हळद शिजायची, वरची कच्ची राहायची. कुणी तो लावेना. हंगाम असाच गेला असता तर दुकानाला कुलूपच होतं.

तेव्हा काकांनी भावकीला बसवून सांगितलं, "यंदा सगळ्यांनी पोराच्याच कुकरात शिजवायची. येळ लागला तर लागू द्या. पुढच्या साली मात्र ज्याचं बराबर शिजंल त्याचं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, याला संरक्षण म्हणतात. देशसुद्धा हेच करतात. बाहेरच्या मालावर आयात शुल्क लावतात, तोवर घरचे कारखाने उभे राहतात."

"आन् मंग काढतात का ते शुल्क?"

"काढायला पाहिजे. पुष्कळदा काढत नाहीत. कारखानदार म्हणतात, अजून थोडी वर्षं द्या."

"म्हंजे मिसरूड फुटलं तरी पोरगं पांगुळगाड्यावरच," काका म्हणाले. भाऊ सोडून सगळे हसले.

पुढच्या माघात भाऊ नेमका तेच म्हणाला. "काका, अजून एक साल द्या की."

"काहून? झाकण दुरुस्त केलं म्हणून तूच सांगून राहिला ना?"

काकांनी शेतात दोन कुकर शेजारीशेजारी लावले, एक त्याचा, एक बाहेरचा. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. काकांनी दोन्हीकडची हळकुंडं मुद्दाम वरच्या थरातून उचलली, काडी टोचली, मोडून पाहिली.

"पोराची बराबर शिजली. बाहेरच्यापेक्षा चांगली न्हाई, पर वाईटबी न्हाई."

आणि जवळा बाजारला आपल्या व्याह्यांना फोन लावला. "आमच्या पोराचा कुकर पाठवतो. नात्यासाठी घेऊ नका, शिजवून बघा."

भावकीबाहेरचं ते पहिलं काम. कुकर ट्रॅक्टरला जोडून भाऊ निघाला. मीही रजा टाकून मडगार्डवर बसले.

"ताई, तिथं तुझं ते संरक्षण-बिरक्षण सांगत बसू नको."

"आता ते आहे कुठं," मी म्हटलं. त्यानं गिअर टाकला.