नऊ इंच सात सूत

माझी बायको गेली त्याला वर्ष झालं. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा होईल तेव्हा तिच्या कबरीवर क्रूस उभा करायचा आणि तो मीच करायचा, हे ती जिवंत असतानाच ठरलं होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तीच म्हणाली, "बाजारातला आणू नका. त्याचे सांधे उन्हात उघडतात." मरणाऱ्या माणसानं सांध्यांबद्दल बोलावं हे नर्सला विचित्र वाटलं असेल. मला नाही वाटलं. चाळीस वर्षं ती सुताराच्या घरात राहिली होती. मी म्हटलं, करतो.

मी सुतार. जातीनं नाही, धंद्यानं. वटार गावातली वाडी भावानं केली, मी करवत-रंधा घेतला. शाळा चौथीपर्यंत. वर्गात अपूर्णांक आले आणि मी शाळेतून गेलो, असं बायको लोकांना सांगायची. ते काही खोटं नव्हतं. पण माझ्या धंद्याला तेवढी शाळा पुरली. सुताराचा इंच आठ भागांचा असतो. एका भागाला आम्ही सूत म्हणतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, आठ सूत झाले की पुढचा इंच. माप बोलताना इंच आणि सूत हे शब्दही गळून पडतात. नऊ इंच सात सूत असेल तर आम्ही नुसतं "नऊ सात" म्हणतो. समोरचा सुतार असेल तर त्याला कळतं.

माळ्यावर सागाची एक फळी होती, अडीच इंच जाड. चांगल्या कामासाठी म्हणून ठेवली होती. तेवढी एकच. तिचा क्रूस केला. माझे हात आता थरथरतात, त्यामुळे जे काम पूर्वी दोन दिवसांत झालं असतं त्याला तीन आठवडे लागले. आडव्या फळीच्या मधोमध नावाची पाटी बसवायला खाच केली. खाच नऊ सात लांब, पाच तीन रुंद, अर्धा इंच खोल. चारही कोपरे गुण्याला लावून काटकोनात आहेत ना ते पाहिलं. तक्रारीला जागा नव्हती.

पाटी काळ्या दगडाची करायची होती. माणिकपूरला एका दुकानात मशीनवर दगड कापून त्यावर नाव कोरून देतात. कॉम्प्युटरपुढे एक तरुण बाई बसली होती.

"काका, साइज?"

"नऊ सात, पाच तीन."

"इंचात ना?"

"मग काय फुटात? दरवाजा नाही बसवायचा."

ती हसली. "मशीनला पॉइंटमध्ये लागतं काका. इथे लिहून द्या आणि खाली सही करा."

मी लिहिलं, ९.७ आणि ५.३. इंच टिंबाच्या अलीकडे, सूत टिंबाच्या पलीकडे. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

"नऊ पॉइंट सात बाय पाच पॉइंट तीन. नक्की ना? एकदा कट झालं की चेंज नाही होत."

"पन्नास वर्षं मापं घेतोय मी."

"तसं नाही काका. सगळ्यांनाच विचारावं लागतं."

बुधवारी पाटी मिळाली. मिस्सा रविवारी. घरी आणून खाचेत ठेवली तर ती आत सरकायला लागली. लांबीला जवळजवळ दीड सुताची फट, रुंदीला अर्ध्या सुताहून थोडी जास्त. मी पाटीवर दुकानाच्या नावानं चार शब्द बोललो आणि रिक्षा करून परत माणिकपूरला गेलो.

त्या बाईनं पाटी घेतली, स्वतःच्या मोजपट्टीवर ठेवली. "नऊ पॉइंट सात. बघा तुम्हीच."

मी माझा टेप काढला. "नऊ सात इथं येतं. तुमचा दगड इथं संपला."

तिनं टेप डोळ्यांजवळ नेला. "काका, ह्या इंचाला आठ घरं आहेत. तुम्ही सातवं घर दाखवताय."

"मग?"

"पॉइंटमध्ये इंचाचे दहा भाग होतात. पॉइंट सात म्हणजे दहातले सात."

"दहा कोणी केले?"

तिनं माझ्या सहीची चिठ्ठी पुढे ठेवली. अक्षर माझंच होतं. नवीन पाटीला आठ दिवस लागतील म्हणाली. तिच्यावर ओरडावं असं फार वाटत होतं, पण ओरडायला कारण सापडेना. पाटी पिशवीत घालून बाहेर पडलो.

संध्याकाळी मुलगी आली. ती नायगावला राहते, आठवड्यातून एकदा डबे घेऊन येते. तिनं फट पाहिली आणि म्हणाली, "पपा, पांढरं सिमेंट भर ना. कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

"मग मम्मीला सांगू, नवरा तुझा हट्टी आहे, क्रूस आठ दिवसांनी येईल."

"मिस्सेला क्रूस नाही असं होणार नाही."

दुसऱ्यांच्या कामातल्या फटी मी जन्मभर बोटानं दाखवत आलो. भुसा आणि सरस कालवून सांधा बुजवणाऱ्याला मी सुतार मानलं नाही. आता बायकोच्या क्रूसावर तेच करायचं होतं.

मुलीनं डबे ओट्यावर काढून ठेवले. मग म्हणाली, "पण तू तर पॉइंटमध्ये मापं द्यायचास की. टॉवरच्या कामांना."

हे खरं होतं. नायगावला टॉवर उठायला लागले तेव्हा मी तिथं स्वयंपाकघरातली कपाटं करायचो. ठेकेदाराला माप पॉइंटमध्ये लागायचं. मी घरी येऊन बायकोला इंच-सूत सांगायचो, ती चिठ्ठीवर उतरवून द्यायची, मी ती चिठ्ठी घडी करून ठेकेदाराच्या हातात द्यायचो. तिनं काय लिहिलंय हे एकदाही उघडून वाचलं नाही. दहा-बारा वर्षं ते चाललं. एकही कपाट चुकलं नाही, आणि ते श्रेय मी माझ्या हाताला दिलं.

"सात सुताचे किती?" मी मुलीला विचारलं.

तिनं फोनवर सातला आठानं भागलं. "पॉइंट आठशे पंच्याहत्तर."

"पावणेनऊशे."

"हो, हजारातले पावणेनऊशे."

"आणि एका सुताचे?"

"एकशे पंचवीस."

"सव्वाशे," मी म्हटलं. "दोनाचे अडीचशे. तिनाचे पावणेचारशे."

"तुला येतंय की."

मला येत नव्हतं. मी ऐकलेलं बोलत होतो. मी माप सांगितलं की बायको चुलीकडे तोंड करून पुटपुटायची आणि मग लिहायची. सव्वा एके सव्वा, सव्वा दुणे अडीच, सव्वा त्रिक पावणेचार, सव्वा चोक पाच, सव्वा पंचे सव्वासहा, सव्वा सक साडेसात, सव्वा साते पावणेनऊ, सव्वा आठे दहा. मला वाटायचं रोझरी चाललीय. मध्ये कशाला बोला, म्हणून मी गप्प राहायचो.

"सव्वाकी आहे ती," मुलगी म्हणाली. "मम्मीला तिच्या वडिलांनी पाठ करून घेतली होती. माझ्याकडूनही करून घ्यायला बघायची. मी वाडीत पळून जायचे."

"मला कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. माझ्या चौथीची ती चेष्टा करायची तेव्हा मी म्हणायचो, तुझी सातवी कोणत्या कामाला आली? ती हसायची आणि चिठ्ठी माझ्या खिशात घालायची. हे मुलीला सांगितलं नाही. तिनं जेवण वाढलं, मी जेवलो. ती गेल्यावर बराच वेळ टेप हातात घेऊन बसलो. सहा सूत, साडेसातशे. पाच सूत, सव्वासहाशे. एकदा समजल्यावर चुकत नाही. समजायला मला एक बायको आणि सत्तर वर्षं लागली.

पण पाटी कापून झाली होती. आता उलटा हिशोब हवा होता, पॉइंट सातचे सूत किती. गुरुवारी सकाळी कागदावर करत बसलो. सातशेत पाच सूत जातात, सव्वासहाशे. उरतात पंचाहत्तर, ते अर्ध्या सुताहून थोडे जास्त. माझ्या टेपवर तिथं रेघच नाही. तीन वेळा केलं, तेच आलं. कागद टाकून दिला.

मग क्रूस पालथा केला. फळी अडीच इंच जाड असल्यामुळे मागूनही अर्धा इंच खोल जायला जागा होती. पाटीच मधोमध ठेवली आणि तिच्या कडेनं सुरीच्या टोकानं रेघ मारली. पेन्सिल वापरली नाही, पेन्सिलीची रेघ जाड येते. रेघेच्या आतून पटाशी चालवली. हात थरथरला की थांबायचो, चहा घ्यायचो, परत बसायचो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी पाटी आत ठेवली तर जाईना. एका कोपऱ्यात लाकडाचा धागा राहिला होता. तो काढला आणि अंगठ्यानं दाबलं, तेव्हा ती बसली. चिकटवायच्या आधी क्रूस उलटा धरून पाहिला. पडली नाही.

रविवारी मिस्सा झाल्यावर दफनभूमीत फादरांनी प्रार्थना म्हटली. क्रूस रोवणारा माणूस मागच्या बाजूनं माती दाबत होता. तो म्हणाला, "हा खड्डा कसला ठेवलाय?"

"माप चुकलं."

"कोणाचं?"

"माझं."

लोक गेल्यावर मुलगी मागे जाऊन उभी राहिली. पहिल्या खाचेत बोट फिरवत म्हणाली, "पपा, ही तरी बुजवून टाकायची. पाणी साचेल."

पाणी साचणार नाही, क्रूस उभा असतो, ते खाली ओघळून जाईल. तसं तिला सांगितलं. आणि बुजवायची कशाला? ती खाच मापाला बरोबर आहे.