बाटलीचं झाकण

माझी मावशी झाकणं तपासायची. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, म्हणून आधीच सांगते, तिची ती रीतसर सरकारी नोकरी होती. घरात वापरायच्या वस्तू बाजारात येण्याआधी ज्या प्रयोगशाळेत तपासल्या जातात, तिथे कुणाकडे इस्त्र्या होत्या, कुणाकडे शेगड्या, आणि मावशीकडे झाकणं. औषधांच्या बाटल्यांची, रंगांच्या डब्यांची आणि मुख्य म्हणजे संडास-फरशी धुवायच्या ॲसिडच्या बाटल्यांची. नात्यातल्या टवाळांनी तिला ‘झाकणमावशी’ करून टाकलं होतं. ती कधी चिडली नाही. “मला खुशाल नावं ठेवा, पण बाटली उंचावर ठेवा,” म्हणायची.

ती नोकरीला लागली तेव्हा ॲसिड साध्या फिरकीच्या झाकणात मिळायचं, आणि रंग असा की सरबतच वाटावं. लहान मुलं ते प्यायची. मावशी इस्पितळांतून माहिती मागवायची, आणि कागदावर भागेना म्हणून स्वतः मुलांच्या वॉर्डात जाऊन यायची. तिथून आली की जेवायची नाही. तिनं आणि तिच्या साहेबांनी मिळून एक नियम सुचवला, की ॲसिडच्या बाटलीला आधी खाली दाबून मग फिरवायचं असंच झाकण असलं पाहिजे, आणि ते लहान मुलांकडून तपासून घेतलं पाहिजे. कंपन्यांनी आकाशपाताळ एक केलं. माल महाग होईल, आणि पोरांकडे लक्ष ठेवणं हे आईबापांचं काम, सरकारचं नव्हे. मावशी तेव्हा घरी येऊन आमच्यावरच ओरडायची, “आईनं दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि यांनी एक झाकण लावायचं नाही, हा कुठला न्याय?” आम्ही बिचारे हो हो करायचो.

शेवटी नियम झाला. झाकणाची परीक्षा कशी घेतात ते मी एकदा बघितलं आहे. बालवाडीतली मुलं दोन-दोनच्या जोड्यांनी सतरंजीवर बसवायची. एकटं मूल लवकर कंटाळतं, दोघं असली की एकमेकांना चढवतात, म्हणून जोडी. समोर साध्या पाण्याची बाटली ठेवायची आणि म्हणायचं, उघडा. थोड्या वेळानं सांगायचं की दातही लावलेत तरी चालेल. पोरं घामाघूम व्हायची, आणि ती हरली की मावशीचा चेहरा फुलायचा. मुलं नापास झाली म्हणून त्यांना फुगे वाटणारी बाई मी जगात ती एकच पाहिली. एखाद्या दांडग्या पोरानं झाकण उघडलंच, तर ती कंपनीला ते परत पाठवायची आणि आणखी घट्ट करून आणा म्हणायची. झाकणं घट्ट होत गेली. वॉर्डातल्या खाटा रिकाम्या होत गेल्या. हे मी ऐकीव सांगत नाही, तिथल्या नर्सबाईंनी माझ्यासमोर मावशीचे हात हातात घेतले होते.

नव्या झाकणाची बाटली बाजारात आली, तेव्हा ती घेऊन मावशी थेट आमच्याकडे आली. माझी आई म्हणजे तिची थोरली बहीण. आईला कोण कौतुक. आल्यागेल्याला बाटली दाखवायची, “हे आमच्या धाकटीनं करायला लावलं बरं का.” जसं काही धाकटीनं धरणच बांधलं होतं.

आईच्या बोटांत संधिवात होता. सकाळी साधं साडीचं टोक खोचायचं तर ती बोटं गरम पाण्यात शेकून घ्यायची. ते झाकण तिला एकदाही उघडलं नाही, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. मला नाही, आणि बहिणीला तर मुळीच नाही. बहिणीनं ज्यात जन्म वेचला त्याला आपण वाईट म्हणायचं, हे तिच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं. तिनं तिच्या परीनं वाट काढली. खालच्या दुकानदाराकडून बाटली विकत घेतानाच उघडून घ्यायची, वर आणून ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, आणि ती बाटली न्हाणीघरात बादलीमागे ठेवायची. उंचावर ठेवावी तर हात खांद्याच्या वर जात नव्हते.

मी नोकरी करत होते आणि माझी लेक दिवसभर आईकडे असायची. तिला सगळे बुटकी म्हणत. बुटकी त्या वयात होती, जेव्हा मुलं दिसेल ते तोंडात घालतात.

फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. इस्पितळात पोचले तर आई बाकावर बसलेली, आणि पदर पुढून सगळा जळून विरला होता. बुटकीनं एकच घोट घेतला होता. तो बाहेर आला तो आईच्या पदरावर. पोर जगली. पण घशापासून खाली सगळं भाजलं होतं. कितीतरी दिवस तिला पोटात नळी घालून भरवावं लागलं, आणि पुढे अन्ननलिका आवळत गेली की पुन्हा पुन्हा भूल देऊन ती रुंद करावी लागायची. तिचा आवाज पिचला तो कायमचा.

मावशी धावत आली आणि तिनं पहिलं काय विचारावं? “बाटली कुठली होती?”

मी तिच्या अंगावर गेले. “आधी पोरीला बघ की! झाकणं मरू दे तुझी.”

तेव्हा आई बोलली. “झाकण उघडत नव्हतं गं मला. म्हणून दुसऱ्या बाटलीत काढलं होतं.”

मावशी आईच्या शेजारी बसली. मी आईशी महिनाभर बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मला दोघींचाही सारखाच राग आला होता.

त्यानंतर मावशी म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊ लागली. ‘तुम्हाला झाकण उघडतं का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणायचे. म्हणून ती म्हणायची, बाटली कुठे आहे ते दाखवा. मग एकेक दिसायला लागलं. कुणी झाकण नुसतं वर टेकवून ठेवलेलं, कुणी सुरीनं भोक पाडलेलं, कुणी पाण्याच्या बाटलीत ओतलेलं. त्या घरांतून नातवंडं खेळत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नेमकं त्याच सुमाराला कंपन्यांनी नियम रद्द करा म्हणून अर्ज केला. सुनावणी लागली. साहेबांनी मावशीला बजावलं, “हे तिथे काढू नका. हात दाखवून अवलक्षण. त्यांच्या हातात आयतं कोलीत द्याल, आणि नियमच गेला तर पुन्हा साधी झाकणं येतील. किती पोरं जातील, विचार करा.” साहेबांचं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मावशीच्या जिवाला लागलं. बोलावं तर नियम बुडण्याची भीती, गप्प बसावं तर अशा बाटल्या घरोघर तशाच राहणार. ती आमच्याकडे येऊन नुसती बसून राहायची. चहा गार व्हायचा.

एक दिवस ती आईला म्हणाली, “ताई, सुनावणीला येशील?”

“मी काय बोलणार तिथे?”

“बोलू नकोस. बाटली उघडून दाखव.”

“अगं, पण मला उघडत नाही.”

“तेच दाखवायचंय.”

आईनं आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, “येते.”

सुनावणीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा पेला. आईला मधोमध बसवलं. तिनं तळव्यानं दाबलं, मग पदर गुंडाळून फिरवलं, मग बाटली मांडीत धरून दोन्ही हात लावले. झाकण नुसतं कटकट वाजत फिरत राहिलं. तिची बोटं लाल झाली, तरी ती थांबेना. मला ते बघवेना, मी उठले, तर मावशीनं मला हाताला धरून खाली बसवलं. शेवटी अध्यक्षांनीच म्हटलं, “पुरे, आजी.”

कंपन्यांचे वकील अगदी मवाळपणे म्हणाले, “आजींनी आमचंच म्हणणं सिद्ध केलं. काढून टाका हे झाकण.”

मावशी उभी राहिली. “झाकण काढू नका. परीक्षा बदला. ती परीक्षा मी लिहिली, आणि मी फक्त मुलांना बसवलं. यांना बसवलं नाही. चूक नियमाची नाही, माझी आहे. माझी नात त्या चुकीपायी अजून इस्पितळात जाते. मुलांना उघडायला नको आणि म्हाताऱ्यांना उघडायला हवं, दोन्ही जमेल तेच झाकण पास करा.”

“असं झाकण होऊ शकतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मावशी म्हणाली. “आजवर मी मागितलंच नव्हतं.”

निकाल यायला बरेच दिवस लागले. नियम राहिला, आणि त्यात एक कलम वाढलं, की झाकण वयस्कर माणसांकडूनही तपासून घ्यायचं. मावशीला वरून खरमरीत मेमो आला आणि तिची बढती अडली. तिनं मेमो वाचला आणि भाजी चिरायला घेतली.

मग कंपन्यांनी नवी झाकणं पाठवली. परीक्षेच्या दिवशी त्याच सतरंजीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, कारण म्हाताऱ्यांना खाली बसवलं तर उठवायला वेगळी माणसं लागली असती. पहिल्या खुर्चीवर आई होती. मी तिच्याशी तोवर बोलायला लागले होते, पण बुटकीला तिच्याकडे एकटं ठेवत नव्हते. आईनंही कधी ठेव म्हटलं नव्हतं.

नवं झाकण चांगलं रुंद होतं. वर तळवा टेकवायला खोलगट जागा होती, बोटांचं काही कामच नव्हतं. मुलांनी आदल्या दिवशी त्याच्याशी झटापट करून हार मानली होती. आईनं तळवा टेकवला, दाबलं, मनगट वळवलं. झाकण अलगद निघून तिच्या हातात आलं.

कुणीतरी शाबास म्हणालं. आई झाकणाकडे बघत राहिली. मग तिनं मावशीकडे बघितलं.

“एवढं सोपं करता येत होतं?”

“हो, ताई.”

“मग मी तुला सांगितलं असतं तर...”

“मी विचारायला हवं होतं,” मावशी म्हणाली.

आईनं झाकण पुन्हा लावलं, ते घट्ट बसलं का ते हातानं चाचपलं, आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडली. पोर भाजली त्या दिवसापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. मी जाऊन तिचं डोकं पोटाशी धरलं. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही, पण तो गेला होता. मावशीनं डोळे पुसले आणि बाटली शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांपुढे ठेवली. “घाई नाही, आजोबा,” ती म्हणाली, “उघडलं नाही तर नाही म्हणून सांगा.”