नवरदेव मशीन अन् शेजारची गिरणी

हसायच्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत न्हाई. गोधडीसाठी चिंध्या साठतात तशा त्या साठतात. एक ओढली की चार बाहेर!

सत्तरच्या पुढची सालं असतील. नवीन जालन्यात स्टेशनापाशी दामू मास्तरांचा रेडिओचे स्पीकर बनवायचा लहानसा कारखाना होता. मी तारेचं वेटोळं गुंडाळायची, शेवंता कागदाचा शंकूवानी कोन चिकटवायची. शेवंता वडीगोद्री गावची, पोरीच्या शाळेपायी जालन्यात आल्ती. मोठं गिऱ्हाईक मिळालं न्हाई तर कारखान्याला टाळं, अन् पोर शाळा सोडून आईसंगं शेतात निंदायला, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक.

\*

मास्तरांनी कुठूनसं जुनं मशीन आणलं. सिग्नल जनरेटर. स्पीकरला जोडलं की खालच्या घुंऽऽपासून सूर चढत चढत चींऽऽपर्यंत जायचा. मास्तर त्याला 'स्वीप' म्हणायचे. मधी कुठं खरखर आली की स्पीकर नापास.

पहिल्या दिवशी दिवा लागला, पण आवाज न्हाई. मास्तरांनी थापटलं, फुंकर मारली. शेवंता म्हणे, "मास्तर, नारळ फोडा!" फोडला, खोबरं वाटलं. तरी गप!

मंग मास्तरांना बाजूचा खटका दिसला. "अगं, हे एक्स्टर्नल ट्रिगरवर आहे, म्हंजी बाहेरच्या इशाऱ्यावर! आतल्या इशाऱ्यावर लावलं तर आपोआप गातं, पण ती बाजू पार निकामी झालीय. बाहेरच्यावर असलं की इशाऱ्याची वाट पाहतं. एक इशारा, एक स्वीप. मंग पुन्हा गप."

"म्हंजी नवरदेवच की!" शेवंता म्हणे. "बोलावल्याबिगर पाटावर बसायचं न्हाई!"

तेव्हापासून मशीनचं नाव नवरदेव.

\*

इशारा द्यायला मास्तरांनी टेबलाखाली पायाची कळ बसवली. तपासायचं काम शेवंतेकडं, तिचा कान तिखट. एकदा जल्दी होती, तर ही बाई शिलाई मशीनवानी कळ धाडधाड दाबून राह्यली. नवरदेव आपला सावकाश चढून राह्यलाय!

"मास्तर, ह्यो ऐकतच न्हाई!"

"शेवंताबाई, सूर सुरू झाला की अर्ध्यातला इशारा तो घेत न्हाई. आधीचं पुरं करतो, मंगच दुसरं."

"बराबर माझ्या सासूवानी!"

सासू डबा घेऊन दारातच! पण ती माझ्याशी जवारीच्या भावाचं बोलून राह्यल्ती. ते सगळं पुरं केलं, मंग वळून म्हणे, "काय म्हणलीस गं?"

\*

एक दिवस नवरदेव आपल्या मनानंच गायला लागला. कळीवर पाय न्हाई, तरी घुंऽऽ! मी तर हात जोडले. मास्तर बराच वेळ कान देऊन बसले. शेजारी रहीमचाचांची पिठाची गिरणी. चाचांनी मोटार लावली की इकडं सूर सुरू!

"कळीची वायर भिंतीला चिकटून गेलीय," मास्तर म्हणे. "पलीकडं स्टार्टरची ठिणगी उडते, तिचा धक्का वायरीत येतो. मशीनला तोच इशारा वाटतो."

वायर भिंतीपासून लांब घेतली, गाणं थांबलं. चाचांना सांगितलं तर छाती फुगवून म्हणे, "मेरी गिरणी गाना बी गाती? मेरेकू आज मालूम हुआ!"

\*

अन् मंग औरंगाबादच्या रेडिओ कंपनीचे साहेब माल तपासायला आले. स्पीकर पास झाले तर वर्षभराचं काम. शेवंतेनं सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला न्हवता.

साहेब टेबलाशी बसले, अन् त्यांचा जाडजूड बूट बराबर कळीवर पडला. कट्! साहेबांना पत्ता न्हाई. कळ मोडली, ती साहेबांच्या पायाखाली, वाकून पाह्यची सोय न्हाई!

शेवंतेनं माझ्याकडं पाह्यलं. पायाच्या अंगठ्यानं वायर सरकवत सरकवत भिंतीला टेकवली. मी गिरणीकडच्या मागच्या खिडकीशी पळाले.

"चाचा, मोटार लावा!"

"दळण किधर है?"

"रिकामीच लावा! मी पदर हलवला की लावायची!"

साहेबांनी पहिला स्पीकर जोडला, मान हलवून म्हणे, "हं, चालू करा." मी पदर हलवला. घुंऽऽ... चींऽऽ! बिलकुल साफ. दुसरा. साहेबांची मान, माझा पदर, घुंऽऽ! एकदा जोशात चाचांनी मधीच मोटार बंद करून पुन्हा लावली. मास्तरांनी डोळेच मिटले. पण नवरदेव अर्ध्यात कुणाचं ऐकतो? वर जाऊनच थांबला.

शेवटच्या स्पीकरलाही खरखर न्हाई. "सगळे पास!" साहेब म्हणे. "पुढच्या महिन्यापासून माल पाठवा."

शेवंता पदरानं डोळे पुसून राह्यली.

साहेब उठता उठता म्हणे, "पण मास्तर, मशीन तुमचं अजब! मी नुसती मान हलवली की सुरू. ह्याची कळ आहे तरी कुठं?"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात दारात रहीमचाचा. भुवयांपर्यंत पिठानं पांढरे.

"ओ बाई, पदर हिलाना बस करो अब! मोटार तप गई मेरी!"