सुमनचे आत घेतलेले ब्लाउज

डॉक्टर ‘स्टेज फोर’ म्हणाले तेव्हा माझी बायको सुमन बाहेर बाकावर बसली होती. स्टेज फोर म्हणजे जठरातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला, ऑपरेशनचा उपयोग नाही असा. किमो द्यायची, पण पॅलिएटिव्ह. म्हणजे दुखणं बरं करायला नव्हे, त्रास कमी व्हायला. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मी बाहेर आलो आणि सुमनला सांगितलं, मोठा अल्सर आहे, काही महिने इंजेक्शनं घ्यावी लागतील.

त्या काळी रिपोर्ट नातेवाइकाच्याच हातात देत. पेशंटला सांगायचं की नाही, हे घरचे ठरवत. मी ठरवून टाकलं. तिला विचारायचं सुचलंही नाही.

दर तीन आठवड्यांनी बंगळुरातल्या आमच्या चामराजपेटहून रिक्षाने हॉस्पिटल. आधी रक्ततपासणी, मग वजन, मग दुपारपर्यंत बाकावर वाट बघणं. वजनावरून औषधाचं प्रमाण ठरतं. सुमन काट्यावर उभी राहिली की मी मुद्दाम पुढे उभा राहायचो, तिला आकडा दिसू नये म्हणून. आकडा मोठ्याने वाचू नका, असं नर्सला कन्नडमध्ये सांगून ठेवलं होतं. ती बिचारी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणायची.

घरी आल्यावर दोन दिवस उलट्या, मग चार दिवस तोंडाला चव नाही. मीही इतका थकायचो की शिलाई मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. कोणी विचारपूस केली तरी चिडायचो. काळजीपेक्षा हे सतत खोटं बोलणंच जास्त दमवतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

मी शिंपी. ब्लाउज शिवण्यात हयात गेली. सुमनचे ब्लाउज दंडात, खांद्यात ढगळ व्हायला लागले तसं मला राहवेना. ब्लाउज अंगावर नीट बसला तर आपण किती वाळलो हे तिला कळणार नाही, असं माझ्या डोक्याने घेतलं. ती दुपारी झोपली की मी कपाटातून ब्लाउज काढायचो, नवी शिवण मारून आत घ्यायचो आणि घडी घालून परत ठेवायचो. असं तीनदा केलं. माझ्या हुशारीवर मी खूशही होतो.

आता माझं शहाणपण बघा. आमच्या घरात मशीन पुरुष चालवतो आणि हुक-काजं बायको करते. वीस वर्षं माझ्या हातचा प्रत्येक ब्लाउज उलटा होऊन सुमनच्याच मांडीवर पडला होता. आणि मी शिवण लपवत होतो तिच्यापासून!

तिसऱ्या किमोनंतरच्या रविवारी मी कॉफी घेऊन गेलो. ती निळा ब्लाउज उलटा करून बसली होती. जुन्या शिवणीच्या आत एक, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी.

“तीनदा आत घेतलात,” ती म्हणाली. “आता तरी स्वल्प खरं सांगा.”

मी सांगितलं. स्टेज फोर, यकृत, पॅलिएटिव्ह, सगळं. सांगताना मीच रडलो. तिने माझ्या हातातली कॉफी काढून खाली ठेवली, सांडेल म्हणून.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर तीच बोलली. आणखी किमो घेतली तर काय, नाही घेतली तर काय, हे तिने नीट विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, “वेळ थोडा वाढेल, पण असाच उलट्यांत जाईल.” तिने किमो थांबवली. मी अडवलं नाही, पण आतून पार तुटलो.

त्यानंतर ती नऊ आठवडे होती. त्या आठवड्यांत आम्ही भांडलो, रडलो, तिच्या माघारी काय करायचं हेही बोललो. एकदा मी विचारलं, तुला नक्की कळलं कधी?

“पहिली शिवण दिसली तेव्हाच,” ती म्हणाली. “पण तुम्ही एवढं मन लावून आत घेत होता. म्हटलं, होऊ दे तुमचं समाधान.”

ज्यांच्या घरी आज असा रिपोर्ट आला असेल, त्यांनी काय करावं ते मी सांगणार नाही. मी तिला जपतोय असं समजत होतो. त्या आजारपणात, पहिल्या शिवणीपासून, तीच मला जपत होती.